बँकॉकमधलं माहेर

अनघाच्या नवऱ्याचा, शिरीषचा फोन आला तेव्हा मी गाडीत होते. लोअर हटहून वेलिंग्टनला जाणारी सकाळची गाडी समुद्राला अगदी लागून धावते, तिथे फोन नीट लागत नाही. आधी "अनघा" एवढंच ऐकू आलं, मग काहीच नाही, मग "हॉस्पिटल". मला वाटलं, बाई पडली असेल कुठेतरी टेकडीवर. घोटा मुरगळणं तिला काही नवीन नव्हतं. स्टेशनवर उतरून परत फोन लावला तेव्हा कळलं, की पहाटे डोक्यात रक्तस्राव झाला होता आणि सगळं संपलंही होतं. मी फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिले. बसवेचना. आता काही आठवडे झाले, पण अजूनही मला एका जागी फार वेळ बसवत नाही. हा मजकूरसुद्धा तुकड्यातुकड्यानं, मध्येच उठून, उगीच चहा टाकून लिहिते आहे. अनघाला ते चाललं असतं. निवांत बसणाऱ्या माणसांचा तिला मनापासून कंटाळा होता.

आम्ही तिच्यापासून दोन घरं सोडून राहायला आलो, त्या पहिल्याच रविवारी ती दारात उभी होती. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि दोन्ही हातांत रिकामे कॅन. म्हणाली, "चल, पिटोनीला पाणी भरायला जाऊ." तिथे जमिनीखालचं पाणी थेट एका सार्वजनिक नळाला येतं. काही मिसळलेलं नसतं, चव गोड, म्हणून गावातले लोक कॅन घेऊन येतात. घरात चांगला नळ असताना पाण्यासाठी रांग लावायची, मग मी कऱ्हाडहून इतक्या लांब आले कशाला, असं मी तिला म्हटलं. तीही कऱ्हाडचीच निघाली. मग काय, त्या रांगेत आमची मैत्री झाली ती झालीच. त्यानंतर बहुतेक रविवार आम्ही त्या नळावर काढले, आणि तिच्या घरची बहुतेक गाऱ्हाणी मी तिथेच ऐकली.

गाऱ्हाणं मुख्यतः एकच होतं, अण्णांचं. अण्णा म्हणजे तिचे वडील. आई लवकर गेलेली, अण्णांनीच तिला वाढवलं, शिकवलं, इंजिनियर केलं. पण मुलीला मूल होत नाही तोवर तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही जुनी रीत त्यांनी धरून ठेवली होती. अनघाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि मूल नव्हतं. डॉक्टर झाले, उपचार झाले, शेवटी ती दोघं त्यातून बाहेरही पडली. अण्णा मात्र रीत सोडायला तयार नव्हते. पाणी प्यायचं नाही म्हणजे राहायला यायचं नाही, म्हणजे न्यूझीलंडचं नावच नको. तिच्या स्वयंपाकघरात फळीवर एक तांब्या आणि फुलपात्र होतं, अण्णांसाठी आणलेलं. ते ती दर शनिवारी लख्ख घासून ठेवायची. मला त्याचा राग यायचा. मी एकदा म्हटलं, टाक ते उचलून आत. ती फडकं घेऊन पुन्हा पुसायला लागली.

कऱ्हाडला जायलाही ती कंटाळायची. तिथे प्रत्येक आत्या-मावशी "काय गं, काही बातमी?" एवढंच विचारायची. मग तिनं शक्कल काढली. दर वर्षी सुट्टीत ती इकडून बँकॉकला जायची आणि अण्णा मुंबईहून यायचे. हॉटेल काही कुणाच्या घरचं नसतं, त्यामुळे जेवणाखाण्याचा प्रश्न मिटला, आणि तिथे "काही बातमी?" विचारणारं कुणी भेटायचं नाही. आठवडाभर बापलेक शहर बघत हिंडायची. तीच ती देवळं, तोच राजवाडा, तीच नदी... दर वर्षी. मी विचारायचे, अगं, पाठ झालं नाही का तुला ते सगळं? ती म्हणायची, "बसलो तर बोलावं लागेल ना."

एका वर्षी मीही आईकडे जाताना दोन दिवस त्यांच्याबरोबर थांबले. काय ते ऊन आणि काय ती चाल! नदीतल्या बोटीतून उतरलो की अनघा पुढे, मी मध्ये, आणि मागे पांढरा सदरा, डोक्याला टोपी घातलेले अण्णा, तक्रारीचा एक शब्द नाही. भल्यामोठ्या पहुडलेल्या बुद्धापाशी मी जरा टेकले, तर ही म्हणाली, "चल चल, हीप्स बाकी आहे अजून, ढीगभर. झोपायचं काम त्याचं, आपलं नाही." मग राजवाड्याच्या आवारातल्या ओवऱ्यांमध्ये शिरलो. तिथल्या लांबच लांब भिंतींवर लंकेच्या युद्धाची चित्रं आहेत. अण्णा पहिल्यांदाच खुलले. मारुती दिसला की हात जोडायचे. शेजारी एक वाटाड्या कुठल्याशा पाहुण्यांना इंग्रजीत सांगत होता, की इकडच्या कथेत मारुतीला बायका आहेत, मुलगाही आहे. अण्णांनी ते ऐकलं आणि ते भलतेच अस्वस्थ झाले. हे कसलं बोलणं, मारुती ब्रह्मचारी, असं मला पुन्हा पुन्हा सांगू लागले. अनघा वळली. शांतपणे म्हणाली, "बघा अण्णा, इथे मारुतीलासुद्धा मूल आहे."

आणि चालू लागली. अण्णा तिथेच उभे राहिले. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी भिंतीवरचे राक्षस बघत राहिले.

दुपारी एका देवळाच्या अंगणात पिंपळाखाली थांबलो. उन्हानं जीव चाललेला, अण्णांची बाटली संपलेली. अनघानं पिशवीतून एक बाटली काढली. हल्ली विमानात पाणी हातात नेऊ देत नाहीत, म्हणून कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेतून आणली होती. पिटोनीचं पाणी होतं. म्हणाली, "हे माझ्या घरचं नाही अण्णा. जमिनीतलं आहे, गावाच्या नळावरचं. मी फक्त भरलंय." अण्णांनी बाटली दोन्ही हातांत घेतली. बराच वेळ धरून ठेवली. मला वाटलं, आता पितील... त्यांनी झाकण उघडलं, सगळं पाणी पिंपळाच्या मुळाशी ओतलं आणि नमस्कार केला. अनघानं रिकामी बाटली पिशवीत टाकली. "चला, बोट चुकेल," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिनं आम्हाला आणखी तीन देवळं दाखवली. मला त्यांतलं एकही आठवत नाही. रात्री खोलीत दिवा मालवल्यावर ती अंधारात म्हणाली, "अण्णांना माझं घर हे घरच वाटत नाही, मेधा."

ती गेली त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात अण्णा आले. एकटे. वाटेत बँकॉकला विमान बदलायला बरेच तास होते. त्या वेळात विमानतळावरच या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो, असं त्यांनी शिरीषला सांगितलं. घरी आल्यावरही बसेनात. या खोलीतून त्या खोलीत गेले, तिचे बूट पाहिले, खिडकीतून टेकडी पाहिली. मग स्वयंपाकघरात आले आणि फळीपाशी थांबले. "हे कुणाचं?" तांब्या-फुलपात्राकडे बघत त्यांनी विचारलं.

"तुमचंच," शिरीष म्हणाला. "ती दर शनिवारी घासायची."

त्यांनी स्वतःच्या हातानं फुलपात्र काढलं. थोडं काळवंडलं होतं. माझ्याकडे पाणी मागितलं. मी नळाकडे वळले, तर त्यांनी ओट्याच्या कोपऱ्यातल्या कॅनकडे बोट केलं. शेवटच्या रविवारी तिनं भरलेला कॅन. शिरीषनं त्याला हात लावला नव्हता, मलाही लावू दिला नव्हता. तो चटकन म्हणाला, ते जुनं झालंय अण्णा, मी आत्ता जाऊन ताजं आणतो.

"तिनं भरलंय ना? मग हेच दे."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "अण्णा, मग तेव्हा का नाही प्यायलात?"

ते फुलपात्राकडेच बघत होते. म्हणाले, "मी प्यायलो असतो, तर तिला वाटलं असतं, बापानंही आशा सोडली."

मला संताप आला. हे त्यांनी तिला सांगायचं होतं. दर वर्षी आठवडाभर तिच्या मागून चालताना, त्या बोटीत, त्या पिंपळाखाली, कुठेही. मला काय उपयोग त्याचा? पण समोर उभा होता तो म्हातारा माणूस, दोन दिवसांच्या प्रवासानं चुरगळलेल्या सदऱ्यातला. त्याला मी काय बोलणार? मी कॅन तिरका केला आणि पाणी ओतलं.

अण्णा जन्मभर पाणी वरून प्यायले. बँकॉकमध्येसुद्धा बाटलीला कधी ओठ लावले नव्हते त्यांनी. त्या दिवशी मात्र फुलपात्राला तोंड लावून, सावकाश, सगळं पाणी प्यायले. मग ते रिकामं फुलपात्र त्यांनी पुन्हा माझ्यापुढे धरलं.