घरचं सगळं ठीक आहे

त्या घरात फोनचा एक नियम होता आणि तो फौजेतल्या शिस्तीपेक्षा कडक होता. वाईट बातमी फोनवर सांगायची नाही. धाकटा भरती झाला त्या वर्षी वडिलांनीच तो घालून दिला. पोरगा पहाऱ्यावर उभा असतो, त्याच्या डोक्याला घरची भुणभुण नको, असं त्यांचं म्हणणं. दहा वर्षं सगळ्यांनी नियम पाळला, आणि पाळला म्हणजे किती? वडील आजारी होते हे फौजीला वडील गेल्यावर कळलं! आता बोला. तो संतापला, बहिणीशी महिनाभर बोलला नाही, आणि त्यानंतरच्या पहिल्याच फोनला स्वतः म्हणाला, मी मजेत. अंगवळणी पडलेलं असं सहज सुटत नाही.

यंदा त्याला बारा दिवसांची रजा मिळाली. ट्रंक खांद्यावर टाकून तो डोंगरातून खाली निघाला आणि निम्म्या वाटेवर एका गावात अडकला. पुढे दरड कोसळली होती. मोबाइलला रेंज नावालाही नव्हती, पण बसस्टँडच्या बुकिंगच्या खिडकीत तारेचा जुना फोन चालू होता. खिडकीतल्या काकांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, गाड्या चार दिवस तरी सुटत नाहीत. पायी जाणाऱ्यांना उद्या सकाळी सोडतील म्हणतात. उशीर होईल एवढं कळवावं म्हणून त्याने ताईला फोन लावला.

ताई शिवणकाम करते आणि मशीनपेक्षा तिचं तोंड जास्त चालतं. आज ती एकेक शब्द मोजून बोलत होती. मागे मशीनचा आवाज नव्हता, चाकं लावलेली खाट ढकलल्यासारखी खडखड होती. कुठे आहेस, म्हणून त्याने विचारलं. आधी ती बाजारात म्हणाली. त्याने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मात्र तिला रडू फुटलं.

प्रकार असा होता. आई तीस वर्षं लाँड्रीत उभ्याने इस्त्री करते. तीन आठवड्यांपूर्वी कोळशाच्या इस्त्रीतला निखारा पायाच्या अंगठ्यावर पडला आणि बाईला पत्ताच नाही, कारण शुगरने पाय बधिर झालेला. पुढे जखम दिसली तर ती झाकायला वर मोजा चढवून ही कामावर जातच राहिली. आता अंगठा काळा पडला होता. डॉक्टर म्हणत होते, आज संध्याकाळी पाचला अंगठा काढला तर पाय वाचेल. नाहीतर गुडघ्यापर्यंत कापावा लागेल, आणि जिवाचाही भरवसा नाही. आईसाहेब सही करायला तयार नव्हत्या. पोरगा रजेवर येतोय, तो आल्यावर बघू, एवढा एकच हेका.

म्हणजे त्याची वाट बघत बघत ही बाई पाय घालवून बसणार होती. फौजीने घड्याळ बघितलं. अडीच वाजले होते.

पहिल्या फोनला तो आईवर रागावला. तिने शांतपणे सांगितलं की ताईला उगाच घाबरायची सवय आहे, तू सावकाश ये. आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या फोनला त्याने हुकूम सोडला. हुकूम तुझ्या बराकीत सोड, असं उत्तर आलं. तिसऱ्या फोनला त्याने गोडीगुलाबीने घेतलं, तर तिने विचारलं, जेवलास का? त्याने कपाळावर हात मारला. मागे तिकिटांसाठी उभी असलेली रांग कुरकुरायला लागली. काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून रांगेला दटावलं की गाड्याच नाहीत तर तिकिटं कसली घेता, आणि मग खालच्या आवाजात फौजीला विचारलं, अजून किती वेळा लावणार?

"सही होईपर्यंत," तो म्हणाला.

चौथ्यांदा आईने फोन घेतला तेव्हा तिचा आवाज थकलेला होता.

"दुखण्याला मी भीत नाही रे. पण अंगठा नसलेलं माणूस नीट उभं तरी राहतं का? टेबलाशी उभं राहता नाही आलं तर मी करू काय दिवसभर? तूच सांग."

त्याने खाली आपल्या डाव्या बुटाकडे बघितलं. गेल्या हिवाळ्यात बर्फातल्या चौकीवर त्या पायाची दोन बोटं काळी पडली होती, आणि लष्करी इस्पितळात ती काढली होती. अंगठा आणि त्याच्या शेजारचं. तिथल्या खाटेवरूनच त्याने घरी फोन केला होता, मजेत आहे म्हणून. या रजेत बारा दिवस घरात मोजे काढायचेच नाहीत, असं ठरवून तो निघाला होता. मायलेक दोघंही एकाच माळेचे मणी.

वडिलांचा नियम मोडणं त्याला कुठल्याही पहाऱ्यापेक्षा अवघड गेलं.

"राहतं," तो म्हणाला. "मी राहतो."

"म्हणजे?"

त्याने सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. पहिले दोन महिने तोल जायचा, भिंत धरावी लागायची, हेही सांगितलं.

"आणि मला म्हणालास, मजेत," आई म्हणाली. तिचा आवाज कापत होता. रागाने की रडण्याने, ते त्याला कळेना.

"तूही तेच म्हणालीस."

"आता उभा राहतोस?"

"ट्रंक घेऊन दिवसभर चालतो."

मग तिने इस्त्रीला आलेल्या कपड्याची विचारपूस करावी तसं एकेक विचारून घेतलं. बूट कुठला घालतोस, आत काय भरतोस, जिना कसा उतरतोस. त्याने प्रत्येक उत्तर खरं दिलं. शेवटी तिने विचारलं,

"सगळ्यात जास्त कधी दुखलं?"

थोडंसंच म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"तिसऱ्या दिवशी," तो म्हणाला. "फार दुखलं. मी ओरडलो होतो."

"मग तिसऱ्या दिवशी इथे माझ्याजवळ पाहिजेस," आई म्हणाली. "आता ठेव. मला सही करायचीय."

त्याने फोन ठेवला, बाही डोळ्यांवरून फिरवली आणि खिडकीत वाकून काकांना विचारलं, पायी जाणाऱ्यांना सकाळी नेमकं किती वाजता सोडतात?