आमचं थिगळ मंडळ

कान-नाक-घशाच्या दवाखान्यातल्या बाकावर किस्से चिंध्यांसारखे साठतात. टाकवत नाहीत, आणि एक ओढली की चार बाहेर येतात! आमच्या बाकावरच्या प्रत्येकाच्या अंगाचा तुकडा एकीकडून काढून दुसरीकडे लावलेला, किंवा लावायचा. म्हणून मीच नाव ठेवलं, थिगळ मंडळ. बाकी आमचे सगळे नुसते कान. जिवाशी खेळ होता तो एकट्या नारायणचा. त्याच्या जिभेला कॅन्सर. माणूस वाचेल का, आणि वाचला तर बोलेल का, हा घोर अख्ख्या बाकाला होता.

पण आधी माझं. माझा मान पहिला.

* * *

मी उमेळ्याची शिंपीण. शाळा चौथीत सुटली. मशीन, कटिंग, मोबाइल, सगळं माझं मी शिकले. आमच्याकडे वाड्या गेल्या, बिल्डिंगा आल्या, पण त्या बिल्डिंगांतले ब्लाउजसुद्धा माझ्याकडेच येतात!

माझा कान लहानपणापासून फुटलेला. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. म्हणाली, "आजी, पडद्याला भोक आहे. ग्राफ्ट लावू."

"ग्राफ्ट म्हणजे?"

"थिगळच समजा."

"आणि कापड कुठलं?"

"तुमचंच. कानाच्या वर, केसांखाली, स्नायूवर एक पातळ आवरण असतं. त्यातला तुकडा घ्यायचा."

"घरचंच कापड आहे होय? मग लाव!"

भूल फक्त कानापुरती. मी टक्क जागी. आता थिगळ लागतंय आणि मी गप्प बसू? सुरूच केलं. "भोकापेक्षा मोठं काप गं. आतल्या बाजूने लाव. कड दुमडू देऊ नकोस!"

मास्कमधून आवाज आला, "आजी, हा ब्लाउज नाही. ट्रायल मिळणार नाही!"

मला गप्प करणारी या जन्मात ती पहिली.

* * *

आमच्यातले पास्कूमामा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. त्यांच्या कानाला थिगळ लागलं तेव्हा डॉक्टरने बजावलं, "नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. आणि ट्रम्पेटचं नावच काढायचं नाही. आतून हवेचा जोर आला की ग्राफ्ट सरकेल."

नेमकं तेव्हाच सख्ख्या भाचीचं लग्न! मामांना घरी बसवेना. चढवला युनिफॉर्म. चर्चपासून मांडवापर्यंत ट्रम्पेट ओठाला लावून चालले. बोटं नाचतायत, भुवया उडतायत, मान डोलतेय, पण फुंकर शून्य!

मांडवात बँडमास्तरने त्यांना कडकडून मिठी मारली. "पास्कू, आज काय वाजवलंस रे! एक सूर चुकला नाही!"

* * *

आचोळ्याचे एक रिटायर्ड सर होते. शिस्तीचे. प्रत्येक गोष्ट तीनदा विचारणारे. त्यांच्या कानाला त्याच कानाच्या पुढच्या बाजूची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, काढून लावायची ठरली. सर घाबरले. तेव्हा त्यांची बायको पुढे सरकली. "डॉक्टर, माझ्या कानाचं काढून यांना लावा की. निदान त्या तुकड्याला तरी माझं ऐकायची सवय आहे."

डॉक्टर हसली. "काकू, दुसऱ्याचं लावलं तर यांचं शरीर ते मान्य करणार नाही. परत टाकेल."

"मग राहू दे," काकू म्हणाल्या. "माझं काहीही मान्य न करायची यांच्या शरीराला लग्नापासून सवयच आहे!"

सरांनी हे मात्र तीनदा विचारलं नाही.

* * *

आता नारायण. निर्मळचा केळीवाला, आणि जत्रेत माइकवर बसणारा. हरवलेल्या पोरांची नावं पुकारायची, चपला सांभाळायला सांगायचं. त्याच्या आवाजावर किती आया रडायच्या थांबल्या असतील! आता त्याचीच जीभ कापायची होती. अर्धी.

डॉक्टरने नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं, "काढू तेवढ्या जागी हाताची कातडी लावू. मनगटाच्या वरची, रक्तवाहिनीसकट. ती जिवंत राहिली, की हळूहळू बोलता येईल. खात्री देत नाही."

नारायणने मुकाट उजवा हात पुढे केला. त्याची बायको सुमन मात्र डोळे पुसून म्हणाली, "डावा दाखवा."

डाव्या हातावर गोंदण होतं. लग्नाआधी जत्रेत गोंदवलेलं. निळ्या अक्षरांत, लीला. त्याने नव्या नवरीला सांगितलं होतं, आत्याचं नाव आहे. आत्याचं नाव चंद्रभागा होतं, हे सुमनला पहिल्या दिवाळीत कळलं!

"डॉक्टर, या हाताचं चालेल?"

"डावाच बरा. उजवा कामाचा. गोंदणाने काही बिघडत नाही."

"मग ही अक्षरं धरून कापा. एक मागे राहायला नको."

ऑपरेशन मुंबईला झालं. मंडळाने नवस बोलले. पास्कूमामांनी चर्चमध्ये मेणबत्ती लावली, मी देवीला खण कबूल केला. नारायण परतला तो नाकात नळी आणि हातात पाटी घेऊन. बाकावर बसायचा, विनोद पाटीवर लिहायचा. आम्ही हसायचो. मजा येत नव्हती.

मग नळी निघाली. त्या दिवशी मीही आत घुसले. मला कोण अडवतंय! डॉक्टरने टॉर्च मारला आणि तिचा चेहरा उजळला. "मस्त धरलंय! रंग बघा कसा छान आहे!"

सुमनने हात जोडले. मग नवऱ्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. तिथे आता मांडीच्या कातडीचं कोरं थिगळ. समाधानाने तिने त्यावरून बोट फिरवलं.

"काकू, या ना, तुम्ही पण बघा," डॉक्टर म्हणाली.

सुमन वाकली. मीही वाकले. आत, ओल्याशार, नव्या जिभेवर, ठसठशीत निळ्या अक्षरांत, लीला!

नारायणने आमची तोंडं बघितली आणि सगळं ओळखलं. त्याने मान ताणली, डोळे मिटले, इतक्या आठवड्यांचा जोर लावला आणि नव्या जिभेने पहिला शब्द काढला.

"आ... त्या!"

"बोलला! बोलला!" डॉक्टर टाळ्या वाजवायला लागली. बाहेर बाक उठून उभा राहिला. पास्कूमामा रडायला लागले.

सुमनने पदर खोचला आणि शांतपणे विचारलं, "डॉक्टर, यांना तिखट कधीपासून चालेल?"