कुंकवाखालचा दोर

आज खंडेनवमी. सकाळी तेलंगणातल्या निर्मल गावाहून सुनीताचा व्हिडिओ कॉल आला. ती आता तिथल्या मुलांना कडा चढायला शिकवते. तिच्यामागे पाटावर दोर, हळदकुंकू, झेंडू. माझी नजर निरांजन शोधत होती.

मंडळी, नव्वदच्या दशकात मी आदिलाबादला मुलींचा चढाईचा संघ घडवत होतो. सुनीता त्यातलीच. स्पर्धेआधी आम्ही दोराची अशीच पूजा केली, कापूर लावून आरतीही केली.

दुसऱ्या दिवशी सरावात ती तीस फुटांवर होती आणि तिच्या कमरेचा, वरच्या कडीतून आलेला दोर खाली मी धरला होता. दोर ओढता ओढता हातापासून वीतभर वर कुंकवाचा डाग दिसला. त्याखालचं नायलॉन वितळलेलं होतं. पेटता कापूर पडल्याचं कोणी पाहिलंच नव्हतं.

मी एवढंच म्हणालो, "दोरावर भार देऊ नको पोरी. हातापायानं उतर."

ती उतरली. मी कोणालाच काही सांगितलं नाही, गुपचूप दोर बदलला.

आज तिला विचारलं, "निरांजन कुठंय?"

"दोराजवळ ठेवतच नाई सर. तो डाग मी उतरल्यावर पायला होता. अन् तुमचे हात थरथरून राह्यले होते, ते तं वरच कळलं होतं दोरातून."

"मग तेव्हा वरूनच विचारलं काऊन नाही?"

"विचारलं असतं, तं माझे हात सुटले असते."