जोडपान

पुस्तकं बांधणाऱ्या त्या म्हाताऱ्याला सगळे पानमोजे म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हतं, पण पोस्टमनसुद्धा पाकीट देताना त्याच नावानं हाक मारी, त्यामुळे खरं आडनाव वापराविना झिजून गेलं होतं. पुस्तक दुरुस्तीला आलं की तो आधी त्याची पानं मोजायचा, गिऱ्हाइकासमोर, मोठ्यानं. आकडा पेन्सिलीनं चिठ्ठीवर लिहायचा. पुस्तक परत देताना पुन्हा मोजायचा आणि म्हणायचा, "आली तेवढी गेली." गिऱ्हाइकं जांभया द्यायची. "अहो, पान काय पळून जातंय होय?" असं कुणी म्हटलं की तो नुसता हसायचा. बोलण्यात तो कधीच कुणाला पुरा पडला नाही.

लहानपणी चर्चच्या उपासनेत त्यानं ऐकलं होतं, की थोडक्यात जो विश्वासू राहतो त्याच्यावरच मोठं काही सोपवता येतं. मोठं काही आपल्यावर कुणी सोपवील असं त्याला वाटत नव्हतं. दोरा, खळ, पुठ्ठा आणि लोकांची पानं एवढंच हाती आलं होतं, तेवढं नीट सांभाळावं, बस.

दुपारी त्याच्या खोलीत खिडकीतून तिरपं ऊन यायचं. उन्हात कागदाचा बारीक भुगा तरंगायचा. मोजता मोजता त्याचे डोळे मिटायचे, आणि आकडे मात्र आपले आपण पुढे चालत राहायचे, एकशे बारा, एकशे तेरा, जणू लांबून कुणीतरी जिना चढत येतंय.

अशाच एका दुपारी हेडमास्तर आले. नव्वदीकडे झुकलेले, ताठ. काखेत कापडात गुंडाळलेलं घराण्याचं बायबल. या माणसानं पानमोजेला वाचायला शिकवलं होतं. तो अडखळत बोलायचा, मुलं हसायची, तेव्हा हेडमास्तरांनी त्याला रोज शाळा सुटल्यावर समोर बसवून शब्द शब्द सोडवून घेतला होता. पुढे बाइंडरकडे कामाला लावलं तेही त्यांनीच. त्याला बाप आठवत नव्हता. बाप म्हटलं की हेच डोळ्यांसमोर येत. त्यांच्यासमोर तो आजही बाकावर उभा असल्यासारखाच उभा राही.

"पानमोज्या, एक काम आहे."

"हो सर."

"काम ऐक तरी आधी."

"हो सर."

हेडमास्तरांनी पुस्तक ठेवलं. "पुढच्या महिन्यात नातवाचं लग्न. हे त्याला द्यायचंय. कणा सुटलाय, नीट बांध. आणि जुन्या आणि नव्या कराराच्या मधलं ते पान आहे ना, घरातल्या नावांचं, ते काढून टाक. नवी सून उघडून बघणार, विचारणार. नसती भानगड."

"हो सर."

ते गेल्यावर बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं, की आपण कशाला हो म्हणालो.

"तुम्ही हो म्हणालात?" बायको दारात उभी होती.

"तोंडातून गेलं."

"तुमच्या तोंडाला सरांसमोर एकच शब्द येतो. तोही शाळेत पाठ केलेला!" मग ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "त्यांच्या मधल्या लेकीचं नाव आहे हो त्या पानावर."

त्यालाही ते ठाऊक होतं. बापाला नको असलेल्या माणसाशी लग्न करून ती मुलगी निघून गेली, त्याला तीस वर्षं झाली. त्या घरात तिचं नाव कुणी काढत नसे.

त्यानं ते पान उघडलं. हेडमास्तरांच्या दिवंगत पत्नीचं गोल, डावीकडे झुकलेलं अक्षर. लग्न, जन्म, बाप्तिस्मे. तिसऱ्या ओळीवर पट्टी धरून मारलेली एक काळी रेघ, आणि रेघेखाली स्पष्ट वाचता येणारं नाव.

पान काढणं सोपं होतं. मुळाशी अर्धं बोट कागदाची पट्टी शिल्लक ठेवून धारदार पात्यानं कापायचं, पट्टीला खळ लावून बसवायची. कुणाच्या बापाला कळलं नसतं. नुसतं उपटलं तर मात्र पंचाईत होती, कारण शिवलेल्या पुस्तकात पान एकटं नसतं. मोठा कागद मधोमध दुमडून त्याची दोन पानं होतात आणि दोरा त्या घडीतून जातो. एक उपटलं की पलीकडचं सुटतं. बाइंडर त्याला जोडपान म्हणतात.

पातं हातात घेऊन त्यानं सवयीनं जोडपान कुठलं ते पाहिलं. नव्या कराराचं पहिलंच पान होतं. मत्तयाचं. प्रभूची वंशावळ.

ती यादी त्यानं शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा पेंगला होता. आताही वाचता वाचता ऊन पापण्यांवर आलं. अमक्याला अमका झाला, तमक्याला तमका. नावं एकामागून एक खोलीतून चालत जाऊ लागली, अनवाणी, आवाज न करता. राजे गेले, मेंढपाळ गेले. मधेच एक बाई गेली, लोकांनी जिच्याकडे पाहून कुजबूज केली असती अशी. मग राहाब, एकेकाळची वेश्या. मग परक्या देशातली रूथ. मग ती उरीयाची बायको, जिच्या नावासोबत एका राजाचं पाप कायमचं चिकटून राहिलं. तीही थांबली नाही, इतरांसारखीच पुढे गेली. सगळ्यांच्या शेवटी दोन वेण्या घातलेली एक मुलगी आली आणि दाराशी घुटमळली, आत यावं की नाही असं. तिला आकडा द्यायला त्यानं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तो दचकून जागा झाला. पातं खाली पडलं होतं.

लिहिणाऱ्यानं त्या बायकांपैकी एकीलाही गाळलं नव्हतं. प्रत्यक्ष प्रभूच्या घराण्यातली ही नावं, आणि गाळायची सोय असूनही गाळली नव्हती.

"कापत नाही मी," तो म्हणाला.

"मग काय करणार? गुपचूप तसंच बांधून द्याल?" बायकोनं विचारलं. "ते बघतीलच की."

"गुपचूप नाही. हो म्हटलंय ना. हो म्हणून दुसरंच करायचं, तेही खोटंच." त्यानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "तो हो परत घ्यावा लागेल. तोंडावर."

"जमेल?"

"नाही," तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

चार दिवसांनी पुस्तक बांधून झालं. सकाळी धुकं होतं. हेडमास्तरांच्या घराचा रस्ता त्याच्या रोजच्या पायाखालचा, पण त्या दिवशी घरं, फाटकं, दिव्याचे खांब पाण्यातून पाहावेत तसे हलत होते. पुस्तक छातीशी धरून तो मनातल्या मनात एकच शब्द घोकत चालला होता.

हेडमास्तरांनी पुस्तक हातात घेतलं, कण्यावरून बोट फिरवलं. "छान झालंय. पान काढलंस?"

"ना... ना..." साठ वर्षांपूर्वीची मुलं पुन्हा हसू लागली. "नाही सर."

"हो म्हणाला होतास."

"ते खोटं बोललो. तुमच्या भीतीनं. आज खरं सांगायला आलोय." त्यानं श्वास घेतला. "पानं सहाशे चौदा आली. सहाशे चौदा आहेत. तुमचं पुस्तक आहे, तुम्ही काढू शकता. माझ्या हातून नाही होणार."

हेडमास्तर उठले आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर जायचं दार.

त्यानंतर ते रस्त्यात दिसले तरी मान वळवत. चर्चच्या ग्रंथालयाची पुस्तकं त्यांच्या शब्दावर याच्याकडे यायची, ती यायची थांबली. त्याचं याला फारसं काही वाटलं नाही. पण रविवारी उपासना संपल्यावर हेडमास्तर दाराशी उभे राहून याच्या खांद्यावर थाप मारायचे, ती थाप गेली. घरी येताना तो खांदा त्याला हलका वाटायचा, नको इतका हलका. "सरांवाचून मी कोण आहे?" असं तो एकदा बायकोला म्हणाला. ती त्याच्याजवळ येऊन बसली.

लग्नाला दोघं गेली आणि मागच्या बाकावर बसली. विधी झाला, सह्या झाल्या, लोक बाहेर हारांच्या आणि फोटोंच्या गडबडीत होते. पुढे टेबलापाशी हेडमास्तर एकटेच वाकून काहीतरी लिहीत होते. बराच वेळ लिहीत होते.

"पानमोज्या."

तो चपापला. बायकोनं कोपरानं ढोसलं तेव्हा उठला.

टेबलावर बायबल उघडं होतं. तेच पान. काळ्या रेघेखालचं नाव जागच्या जागी होतं. सगळ्यात खाली, गोल अक्षर जिथं संपलं होतं तिथं, नातवाच्या लग्नाची नवी ओळ होती, थरथरत उताराला लागलेली.

"हात कापतो आता," हेडमास्तर वर न बघता म्हणाले. "ओळ वाकडी गेली."

त्यानं वाकून पाहिलं. मग त्यांच्या हाताखालून अलगद पुस्तक सरकवून घेतलं आणि खिडकीजवळच्या उजेडात ठेवलं.

"शाई ओली आहे सर," तो म्हणाला. "इतक्यात मिटू नका."

हेडमास्तर खुर्ची ओढून बसले. त्यांनी दुसरी खुर्ची पायानं त्याच्याकडे ढकलली. बाहेर कुणीतरी त्यांना फोटोसाठी हाका मारत होतं. दोघं पान वाळायची वाट बघत बसून राहिले.