समोरचा संगणक

आमच्या पुस्तकांच्या दुकानात दोन संगणक समोरासमोर होते. माझ्याकडे बिलांचं सॉफ्टवेअर, पत्नीकडे साठ्याचं. गिऱ्हाइकाने पुस्तक मागितलं की मी विचारायचो, "आहे का गं?" पडद्यावरची नजर न काढता ती म्हणायची, "वरच्या कप्प्यात. स्टूल घ्या, उड्या मारू नका."

ती गेल्यापासून मीच उठून तिच्या खुर्चीत बसून बघत असे. काल सॉफ्टवेअर विकणारे गृहस्थ म्हणाले, "काका, बिल, साठा सगळं एकातच घ्या. आता कोणाला विचारायला नको."

सोय म्हणजे बहुतेक वेळा एक माणूस कमी लागणं. मी होकार दिला. त्यांनी तिचा संगणक बंद केला. आतल्या पंख्याची घरघर थांबली, आणि इतके दिवस समोरून आवाज येत होता हे मला तेव्हा कळलं.