फरीदाच्या वडिलांचं भाषण

मागच्या बुधवारी इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या आमच्या ऑफिसात एका वयस्कर माणसाला मी भर लंच अवरमध्ये त्याच्या बायकोचा मृत्यू सांगायला लावला. मुद्दाम नाही... पण लावला. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

फरीदा माझ्या टीममध्ये आहे. अफगाणी, लहानपणी वडिलांबरोबर इंग्लंडला आलेली. वडील काबूलमध्ये पेपरात होते. आई तिथेच हॉस्पिटलमध्ये आजारपणात गेली, असं तिने मला एकदा सांगितलं होतं.

आमच्या डायव्हर्सिटी वीकला वक्ता हवा होता आणि कमिटीवर मी. "तुझे बाबा बोलतील का गं?" मी विचारलं. दुसऱ्या दिवशी ती हसतच आली. "हो म्हणाले. रात्रभर कागद काढून बसले होते."

त्यांना एका संपादकाबद्दल बोलायचं होतं. शंभरेक वर्षांपूर्वी त्याने काबूलमध्ये पेपर काढला, मुलींनी शिकलं पाहिजे असं छापलं, पुढे परराष्ट्रमंत्री झाला. त्याची मुलगी तर राणी झाली... आणि राजाची गादी गेली तेव्हा यालाही देश सोडावा लागला. फरीदाच्या वडिलांनी आयुष्यभर त्याचाच अभ्यास केला होता.

मला वाटलं, सँडविच खाताना हे कोण ऐकणार? टीव्हीवर रोज अफगाणिस्तानातल्या हेल्मंडच्या लढाईच्या बातम्या, लोकांना त्यातलंच काहीतरी हवं असणार. फरीदा तेव्हा सुट्टीवर होती. तिला न विचारता मी पोस्टर केलं... 'काबूलमधून सुटका: एका कुटुंबाची कहाणी'. सुरुवातीला ते थोडं काबूल सोडल्याचं सांगतील, मग संपादक आहेच, असा माझा हिशोब.

बुधवारी रूम गच्च भरली. अंकल, म्हणजे फरीदाचे वडील, करड्या सुटात, टाय लावून, हातात जुन्या अंकांच्या झेरॉक्सची फाइल. दाराशी थांबून त्यांनी पोस्टर वाचलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो अंकल. लोकांना कनेक्ट व्हायला सोपं जातं."

त्यांनी मान डोलावली. फाइल टेबलावर पालथी ठेवली आणि उभे राहिले.

त्यांनी सांगितलं, शहरावर रॉकेटं पडत होती. बायको ब्रेड आणायला कोपऱ्यावर गेली ती परत आलीच नाही. तिचं दफन शेजाऱ्यांवर सोपवून, मुलीला उचलून ते निघाले... आवाज कुठेही हलला नाही. मी मात्र भिंतीशी उभ्या फरीदाकडे पाहिलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं; आई हॉस्पिटलमध्ये गेली एवढंच तिला सांगितलेलं. आईचं हे तिला आत्ता, अकाउंट्सच्या लोकांबरोबर कळत होतं.

"पोस्टरवर होतं ते सांगून झालं," अंकल म्हणाले. "आता वेळ असेल तर मला जे बोलायचं होतं ते बोलतो."

वेळ नव्हता. लोक मीटिंगना जायला उठले, जाताना 'व्हेरी मूव्हिंग' म्हणत त्यांचा हात हातात घेत होते. त्यांनी फाइल उघडून पेपराचं पहिलं पान वर धरलं, तोवर रूम बुक केलेले पुढचे लोक दारात येऊन उभे राहिले. अंकलनी पान पुन्हा फाइलमध्ये सरकवलं. दारातल्या लोकांना थांबायला सांगावं, एवढं धैर्यसुद्धा मला झालं नाही.

रविवारी त्यांच्या घरी गेले. दार अंकलनीच उघडलं. मी सॉरी म्हणायला लागले तर म्हणाले, "आधी बसा."

वेलचीचा चहा आला. मग ते म्हणाले, "फरीदाला मी हे कधीतरी सांगणार होतो. रोज उद्यावर ढकलत होतो. पण ते मी सांगायचं होतं, घरात." त्यांनी माझा कप पुढे सरकवला. "आणि तुम्ही हिंदुस्तानी, म्हणून वाटलं तुम्हाला तरी उत्सुकता असेल. तो पेपर तुमच्याकडेही वाचला जायचा. इंग्रजांनी बंदी घातली त्याच्यावर."

मला हे माहीत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे मी विचारलंच नव्हतं... अख्ख्या तयारीत एकदाही नाही, की अंकल, कोण हा माणूस, तुम्हाला इतका जवळचा का?

तेव्हा विचारलं. ते अंधार पडेपर्यंत बोलत होते. संपादकाचं तरुणपण दमास्कसला हद्दपारीत गेलं आणि म्हातारपण इस्तंबूलला, परत हद्दपारीतच. मधल्या थोड्या वर्षांत त्याने जे छापलं, त्यातल्या ओळी अंकल आधी फारसीत म्हणायचे, मग मला समजावून सांगायचे.

निघताना फरीदा दारापर्यंत आली. एवढा वेळ ती वरच्या खोलीतच होती.

"बाबांनी तुला माफ केलंय, त्यांचा स्वभावच आहे तो," ती म्हणाली. "मला वेळ लागेल."

तिचं बरोबर आहे. अंकलनी मला घरात घेतलं, चहा दिला, एवढा वेळ दिला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण ज्या मुलीच्या आईचं मरण मी परक्यांसमोर उघड्यावर आणलं, तिने मला लवकर माफ करावं अशी अपेक्षासुद्धा करायची लाज वाटते.