वेलांटीबाईंचा बुधवार

बाई पेपर वाचत नसत, तपासत. बुधवारी सकाळी आपलं हैदराबादचं मराठी साप्ताहिक दारात पडलं की त्या चष्मा पुसायच्या, लाल पेन्सिलीला टोक काढायच्या आणि जेवणाच्या टेबलावर ती चार पानं पसरून बसायच्या. त्या वेळात कुणी बेल वाजवली तर दार उघडत, पण ‘बसा’ म्हणत नसत. बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या अपार्टमेंटमधल्या तेलुगू शेजारणींनाही हे पाठ झालं होतं. आज टीचरम्मांचा बुधवार आहे, साखर उद्या मागू, असं त्या एकमेकींना सांगायच्या.

वेलांटीबाई हे नाव त्यांना साप्ताहिकाच्या संपादकांनी ठेवलं. तोंडावर नव्हे, प्रेसमध्ये. ते फिरत फिरत बाईंच्या कानावर गेलं, तेव्हा आम्हाला वाटलं आता संपादकांची खैर नाही. पण बाई पेन्सिल खाली न ठेवता म्हणाल्या, “म्हणू देत. निदान वेलांटी नावाची एक वस्तू असते, हे तरी त्यांच्या ध्यानात राहील.”

संपादकांचा नारायणगुड्याला छोटा प्रेस होता, अजून आहे. तिथं तेलुगू लग्नपत्रिका, उर्दू दावतनामे, इंग्रजी व्हिजिटिंग कार्डं छापून पोट भरायचं आणि मराठी साप्ताहिक काढून मन. कंपोज करणारा माणूस तेलुगू. त्याला देवनागरी हिंदीमुळे येत होती, मराठी येत नव्हती. तो अक्षरं बघून बघून टाइप करायचा आणि इकार-उकार जिथं जागा दिसेल तिथं बसवायचा. संपादकही अस्सल हैदराबादी. त्यांचं मराठी बोलणं ऐकायला गोड, छापायला अवघड. वर त्यांना प्रूफ बघायला वेळ नसायचा, कारण त्याच वेळी कुणाच्या तरी लग्नपत्रिका घाईत असायच्या.

अंक तपासून झाला की बाई वरच्या कोपऱ्यात शेरा लिहीत. ‘बरे आहे, घाई दिसते.’ ‘पान तीन पुन्हा वाचावे.’ ‘हे कोणी लिहिले? पालकांना घेऊन येणे.’ हा अंक परत प्रेसमध्ये पोचवायचं काम माझं, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचं, कारण माझ्या वडिलांचं फळांचं दुकान नारायणगुड्यातच आहे आणि मी रोज त्या रस्त्यानं जायची. संपादक आधी शेरा वाचत, मग कपाळाला हात लावत, मग माझ्यासाठी चहा मागवत. एकदा ‘चांगले’ असा नुसता एक शब्द आला, तर त्यांनी सगळ्या प्रेसला उस्मानिया बिस्किटं खाऊ घातली. मी एकदा त्यांना विचारलं, एवढी बोलणी खाता, मग अंक पाठवता कशाला त्यांना? ते म्हणाले, “अगं, बाकीचे तर फोटो बघतात अन् त्याच्यात समोसे बांधतात. पूर्ण वाचणारं एकच माणूस आहे आपल्याकडं. त्याला कसं सोडायचं?”

सगळ्या चुका बाईंना सारख्या नव्हत्या. शब्द चुकला तर पेन्सिल. माणसाचं नाव चुकलं तर मात्र त्या पेन्सिल ठेवायच्या, साडी बदलायच्या आणि ऑटो करून स्वतः प्रेसवर जायच्या. “शब्द भाषेचा असतो, तो सहन करतो. नाव माणसाचं असतं,” असं त्यांचं म्हणणं.

हे मी स्वतःवरून सांगते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आमचं मूळ गाव बिदरकडचं, शेती थोडी, त्यातल्या बांधावरून भांडण मोठं. आजोबांना अंगठा लावता यायचा, वडिलांना दुकानाच्या पाट्यांपुरतं वाचता यायचं. मी बी. ए. झाले तेव्हा वडिलांनी माझा फोटो घेऊन थेट प्रेस गाठला आणि म्हणाले, छापा. पुढच्या बुधवारी छापून आलं. फोटो माझा, अभिनंदन माझं, आणि खाली नाव ‘कु. अनसूया बिराजदार’. आम्ही बिरादार. आमच्या गावात बिराजदार हे वेगळं घर, आणि बांधावरचं भांडण त्यांच्याशीच. म्हणजे पदवी मी घेतली आणि मान गेला बांधापलीकडे.

वडिलांनी फोटो बघितला, त्याच्या पुढं काही बघायची त्यांना गरज वाटली नाही. अंकांचा गठ्ठा विकत घेऊन ते प्रत्येक गिऱ्हाइकाला मोसंबीबरोबर एक अंक देत होते. मी बाईंकडं गेले तेव्हा त्यांची साडी बदलून झाली होती. मी म्हटलं, बाई, राहू द्या, वडील खूश आहेत, त्यांना कळलं तर वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, “त्यांना सांगू नकोस. पण तुमच्या घरातलं पहिलं नाव छापून आलंय, ते दुसऱ्याचं कसं चालेल?”

बाई प्रेसवर जाऊन आल्या, एवढं मला संपादकांकडून कळलं. पुढच्या अंकात मोठा फोटो, चौकट आणि बरोबर नाव घालून बातमी पुन्हा आली, दुरुस्ती वगैरे काही न म्हणता, नवी असल्यासारखी. वडिलांनी पुन्हा गठ्ठा घेतला. आजही ते लोकांना सांगतात, “आमच्या पोरीचं दोनदा छापलं. एकदा छापून मन भरलं नाही त्यांचं.” मी कधी दुरुस्त केलं नाही. बाईंनीही नाही.

एवढ्या कडक बाई, पण एका ठिकाणी त्यांची पेन्सिल हटकून थांबायची. महिन्याभरापूर्वीच्या हळदीकुंकवाची बातमीही आमच्या साप्ताहिकात ‘परवा झालेल्या’ अशीच सुरू व्हायची. एकदा पुण्याहून त्यांचा मुलगा प्रशांत आला होता. तो वाचून हसायला लागला. म्हणाला, आई, ही चूक तुला दिसली नाही? बाई एकदम तापल्या. “ती चूक नाही. हैदराबादेत परसों म्हणजे मागं कधीही. गेलेला दिवस किती दिवसांपूर्वी गेला याचा हिशेब आपण ठेवत नाही. तुझ्या पुण्यात ठेवत असतील.” बाईंचं घराणं निजामाच्या काळापासून सरकारी नोकरीतलं. मराठी शिकवण्यात जन्म गेला, पण ‘सावकाश’ऐवजी त्या ‘इत्मीनानानं’ म्हणायच्या आणि कुणी हसलं तर त्याच्याकडं बघायच्या.

प्रशांतदादा चांगला माणूस. आई एकटी राहते ही त्याला काळजी होती आणि त्यात काही चूक नव्हतं. बाईंच्या डोळ्यांचा त्रास सुरू झाल्यावर तो दर खेपेला पुण्याला चल म्हणायला लागला. बाई नाही म्हणायच्या. शेवटी दोघांत ठरलं, माझ्यासमोरच ठरलं, की बाईंना पेपर वाचता येतोय तोवर त्यांनी इथं राहावं. ज्या दिवशी वाचता येणार नाही, त्या दिवशी तो न्यायला येणार आणि त्या काही न बोलता जाणार. बाईंनी शब्द दिला. त्यांचा शब्द म्हणजे काय, हे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कुणालाही विचारा.

त्यानंतर बुधवारचा रंगच बदलला. आधी त्या चुका चिडून शोधायच्या, आता आशेनं शोधायला लागल्या. एखादी सापडली की चेहरा उजळायचा. “ही बघ, इथं. सोडली नाही.” भिंग आलं, मग टेबलावर दिवा आला, मग टेबलच खिडकीशी गेलं. तरी अंकावरचं लाल कमी कमी होत गेलं.

संपादक आधी सुखावले. मला म्हणाले, सुधारलो बघ आम्ही. पुढच्या खेपेला अंक जवळजवळ कोरा परत गेला आणि वर ‘चांगले’ लिहिलेलं. त्यांनी चहा मागवला नाही. अंक हातात धरून पहिल्या पानाच्या मथळ्याकडं बघत राहिले. त्या मथळ्यातली चूक फळांच्या दुकानातूनही दिसली असती.

“बाईंना दिसत नाही ना गं?” ते म्हणाले.

मग मी त्यांना मुलाला दिलेल्या शब्दाचं सांगितलं. ते ‘हौ’ एवढंच म्हणाले आणि मशीनकडं निघून गेले.

थोड्याच दिवसांत साप्ताहिकाचं अक्षर वाढलं. थोडं नव्हे, लहान मुलांच्या अंकलिपीसारखं झालं. वाचकांनी नावं ठेवली, जाहिरातवाल्यांनी तक्रार केली. संपादक सगळ्यांना सांगायचे की आपला वाचक म्हातारा होत चाललाय. माझे वडील तेवढे खूश झाले. म्हणाले, आता बसून वाचता येतं. आणि बाईंच्या टेबलावर पुन्हा लाल खुणा दिसायला लागल्या. मला खरंच वाटलं की निभावलं. बाईंनी चकार शब्द काढला नाही, म्हणून मला वाटलं त्यांच्या लक्षातच आलेलं नाही.

मग एका बुधवारी मागच्या गल्लीतली एक बाई आली. घरोघरी पोळ्या करायची. तिची मुलगी नर्सिंग पास झाली होती. तिनं फोटो आणि नाव प्रेसमध्ये देऊन बरेच दिवस झाले होते. प्रत्येक बुधवारी ती अंक घ्यायची आणि मुलीला शोधायची. संपादक म्हणायचे, जागा नाही, पुढच्या अंकात बघू. बाईंचं तिथं वजन आहे, त्यांनी जरा सांगावं, एवढंच तिचं मागणं होतं.

ती गेल्यावर बाईंनी मला कपाटातला एक जुना अंक काढायला लावला. जुना आणि नवा शेजारी ठेवून त्यांनी भिंग फिरवलं, मग भिंग ठेवून दिलं.

“किती बातम्या कमी बसतात गं आता?”

मी म्हटलं, निम्म्या. आणि लगेच म्हटलं, म्हाताऱ्या वाचकांसाठी केलंय त्यांनी.

“म्हातारे वाचक किती आहेत ते मला ठाऊक आहे. एक आहे.” त्यांनी नव्या अंकाची घडी घातली. मग म्हणाल्या, “माझ्या डोळ्यांसाठी तिच्या मुलीचं नाव बाहेर राहिलं, अनसूया. हे नाही चालायचं.”

मी सांगून पाहिलं की मी वाचून दाखवीन, प्रशांतदादाला कळायचं काय कारण. बाईंनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी पुन्हा सातवीत जाऊन बसले. त्यांनी फोन मागितला आणि मुलाला एवढंच म्हणाल्या, ये.

नामपल्ली स्टेशनवर आम्ही मोजकीच माणसं होतो. वडिलांनी मोसंब्यांची करंडी आणली होती. संपादक उशिरा आले, बोटांना शाई तशीच. दोघं इतकी वर्षं एकमेकांशी भांडलेली, नीट बोलायचं कसं ते दोघांनाही सुचेना. संपादक गाडीच्या वेळेचं काहीतरी बोलले. बाई म्हणाल्या की गाडी वेळेवर आहे. मग प्रशांतदादानं बाईंना हात देऊन डब्यात चढवलं आणि त्या दारातच वळल्या.

“संपादक, आता अक्षर लहान करा.”

“हौ, बाई,” ते म्हणाले. गाडी हलल्यावर ते स्टॉलकडं तोंड करून उभे राहिले आणि चहा न घेताच बराच वेळ तिथं होते.

पुढच्या बुधवारी अक्षर लहान झालं. पोळ्यावाल्या बाईंच्या मुलीचा फोटो दुसऱ्या पानावर आला, नाव बरोबर. छापायच्या आधी संपादकांनी ते मला फोनवर पाठवून तपासून घेतलं होतं. आता बाकीची पानंही पाठवतात. मला जमेल तेवढं मी बघते. बाईंच्या डोळ्यांतून सुटलं नसतं असं बरंच माझ्या डोळ्यांतून सुटतं, आणि मला शेरा लिहायची हिंमत होत नाही.

पुण्यात बाईंच्या घरी तीन मराठी पेपर येतात. सून प्रेमानं वाचून दाखवते. बाई मला म्हणाल्या, “इथल्याही पेपरांत चुका बक्कळ असतात. पण सांगू कुणाला? छापणारा माझ्या ओळखीचा नाही.”

बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून आले की मी त्यांना फोन लावते. सुरुवातीला मी बातम्या वाचायची आणि कुठं काय चुकलंय ते सांगायची. एक दिवस त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, चुका राहू दे, नावं वाच. तेव्हापासून मी फक्त नावं वाचते. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कोण पास झालं, कोण गेलं. प्रत्येक नावाला त्या तिकडून हुंकार देतात. एखाद्या नावाला गल्ली सांगतात, एखाद्याला त्याचा शाळेतला बाक.

अलीकडं नावं कमी असतात. पोरं पुण्याला जातात, अमेरिकेला जातात, आणि इथं राहिलेल्यांना आपलं नाव मराठीत छापून यावं असं फारसं वाटत नाही. गेल्या बुधवारी मी वाचायला लागले आणि बघता बघता शेवटच्या नावाशी आले.

“संपलं?” बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, संपलं, बाई.

“मग पुन्हा वाच,” त्या म्हणाल्या. “इत्मीनानानं.”